रेसच्या घोड्याची कारकीर्द कागदावरून कशी वाचायची: सेक्रेटेरियटच्या २१ ओळी

"किती धावला, किती जिंकला?" महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर अधूनमधून जाणाऱ्या माणसाचा हा पहिला प्रश्न. या हिशोबाने आपल्याकडचा एल्युसिव्ह पिंपर्नेल २३ पैकी २२ जिंकला, स्क्वँडरर १९ पैकी १८. अमेरिकेचा सेक्रेटेरियट मात्र २१ पैकी १६, म्हणजे ७६ टक्के. तरीही १९७३ साली त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेसमध्ये दिलेल्या वेळा पन्नास वर्षं उलटली तरी तिथल्या विक्रम म्हणून उभ्या आहेत. टक्केवारीत काहीतरी निसटतंय, हे उघड आहे. ते कुठे शोधायचं, हे त्याच्याच रेकॉर्डवर करून बघू. जुलै १९७२ ते ऑक्टोबर १९७३, सोळा महिने, २१ ओळी.

आधी कागद आखा

रकाने असे: तारीख, आधीच्या रेसपासून किती दिवस, कोर्स, डर्ट (मातीचा ट्रॅक) की गवत, अंतर, वजन, जॉकी, कितवा, किती लेंग्थने, वेळ. शेवटचा रकाना रुंद ठेवा आणि त्यावर "का" असं लिहा. जिंकलेल्या ओळींपुढे तो रिकामा राहिला तरी चालेल. हरलेल्या ओळीपुढे रिकामा राहिला तर काम अर्धंच झालं.

अमेरिकन रेकॉर्डमध्ये सगळ्यात ताजी रेस वर छापतात, म्हणून वाचन खालून सुरू करायचं. नवखे वरून वाचत जातात आणि घोडा दिवसेंदिवस बिघडत गेला असा समज करून घेतात.

अंतरं मैल-फर्लांगात असतात. एक फर्लांग म्हणजे २०१ मीटर, आठ फर्लांगांचा मैल. केंटकी डर्बी सव्वा मैल, म्हणजे २०१२ मीटर. प्रीकनेस साडेनऊ फर्लांग, १९११ मीटर. बेलमाँट दीड मैल, २४१४ मीटर. आपली इंडियन डर्बी २४०० मीटरची, म्हणजे अंतराने ती बेलमाँटची बहीण, केंटकी डर्बीची नव्हे. वयाचंही तसंच. उत्तर गोलार्धातल्या प्रत्येक थरोब्रेडचं, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचं, वय १ जानेवारीला एकाने वाढतं, प्रत्यक्ष जन्म कधीचाही असो. सेक्रेटेरियट ३० मार्च १९७० चा, पण १९७३ उजाडलं त्याच दिवशी कागदावर तीन वर्षांचा झाला. अमेरिकेत तिन्ही क्लासिक रेस तिसऱ्या वर्षी मे-जूनमध्ये होतात. आपली डर्बी फेब्रुवारीत, घोडा चार वर्षांचा झाल्यावर. दोन्हींना "डर्बी" म्हणत असले तरी घोडा वाढीच्या वेगळ्या टप्प्यावर असतो.

त्या काळच्या अमेरिकन रेकॉर्डमध्ये वेळ पंचमांश सेकंदात लिहिलेली असे, १:५९ आणि पुढे २/५. ते १:५९.४ असं लिहून घ्या, बेरीज-वजाबाकी सोपी जाते. अमेरिकेत गेट उघडल्याक्षणी घड्याळ सुरू होत नाही. घोडे थोडं अंतर पळून आलेले असतात, मग वेळ मोजायला लागतात. शिवाय तिथल्या मोठ्या रेस डर्टवर, आपल्या गवतावर. त्यामुळे बेलमाँटचे २:२४ आणि महालक्ष्मीची २४०० मीटरची वेळ शेजारी ठेवून तुलना करू नका. अंतर जवळपास सारखं दिसतं म्हणून मोह होतो, एवढंच.

लेंग्थचं गणित

एक लेंग्थ म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचा घोडा, ढोबळमानाने २.४ मीटर. जुना ठोकताळा असा की पाच लेंग्थ म्हणजे एक सेकंद. तो वापरायला सोपा आहे, पण चुकीचा आहे. बेलमाँटला सेक्रेटेरियट २४१४ मीटर १४४ सेकंदांत पळाला, म्हणजे सेकंदाला १६.८ मीटर, ताशी ६० किलोमीटर. त्या वेगाने सेकंदात सात लेंग्थ मागे पडतात. तो ३१ लेंग्थने जिंकला. जुन्या ठोकताळ्याने दुसरा आलेला ट्वाइस अ प्रिन्स सहा सेकंदांहून मागे होता. खऱ्या हिशोबाने ते अंतर ७५ मीटरच्या आसपास, साडेचार-पाच सेकंदांचं. दोन-तीन लेंग्थच्या रेसमध्ये हा फरक जाणवत नाही. मोठ्या अंतराने जिंकलेल्या रेसमध्ये मात्र हरलेल्याची वेळ फारच वाईट काढली जाते.

तुकडे मोजा, पण कोणाचे ते आधी बघा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. रेसच्या निकालात पाव-पाव मैलाच्या ज्या वेळा छापतात त्या त्या क्षणी पुढे असलेल्या घोड्याच्या असतात. आपला घोडा मागे असेल तर त्या त्याच्या नाहीत.

केंटकी डर्बी, ५ मे १९७३. आघाडीच्या वेळा: २३.४, ४७.४, १:११.८, १:३६.२, आणि शेवट १:५९.४. पाव मैलागणिक वजाबाकी केली तर २३.४, २४.०, २४.४, २४.४, २३.२. नेहमीसारखीच रेस दिसते, शेवटी जरा जोर लावला एवढंच. पण तेरा घोड्यांत सेक्रेटेरियट सुरुवातीला सगळ्यात मागे होता. त्याचे स्वतःचे पाव असे: २५.२, २४.०, २३.८, २३.४, २३.०. बेरीज करून बघा, ११९.४ येते. प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा वेगात. सव्वा मैलाच्या रेसमध्ये घोडा सहसा शेवटच्या पावात मंदावतो, इतरांपेक्षा कमी मंदावला तरी पुरतं. इथे शेवटचा पाव सगळ्यात वेगवान निघाला. ही गोष्ट छापील वेळांत कुठेच दिसत नाही, घोड्याचे स्वतःचे तुकडे वेगळे काढल्यावरच दिसते.

तुकडे मिळाले नाहीत तर प्रत्येक टप्प्यावर घोडा आघाडीपासून किती लेंग्थ मागे होता ते घ्या, सात लेंग्थला एक सेकंद धरा आणि आघाडीच्या वेळेत मिळवा. दशांशापर्यंत बरोबर येणार नाही. चढता वेग की उतरता, ते मात्र कळेल.

आता पाच आठवड्यांनंतरचं बेलमाँट, ९ जून. इथे तो आणि त्याचा प्रतिस्पर्धी शॅम पहिल्यापासून पुढे, त्यामुळे छापलेल्या वेळा जवळजवळ त्याच्याच: २३.६, ४६.२, १:०९.८, १:३४.२, १:५९.०, २:२४.०. पाव काढले तर २३.६, २२.६, २३.६, २४.४, २४.८, २५.०. डर्बीच्या नेमकं उलट, दुसऱ्या पावानंतर सतत उतरता वेग. केवळ हे आकडे दाखवले तर कोणीही म्हणेल की जॉकीने घोडा लवकर जाळला आणि शेवटी तो दमला.

म्हणून लेंग्थचा रकाना शेजारी ठेवायचा. पाऊण मैलापर्यंत दोघं डोक्याला डोकं लावून. मैलाला सेक्रेटेरियट ७ लेंग्थ पुढे, मग २०, सरळपट्टीत २८, शेवटी ३१. वेग उतरत असताना अंतर वाढतंय, म्हणजे मागचे त्याहून वेगाने ढासळत होते. दीड मैलाच्या रेसमध्ये पाऊण मैल १:०९.८ ला पळणं हा बहुतेक घोड्यांसाठी आत्मघात. शॅमचं तेच झालं, पाच घोड्यांत तो शेवटचा आला. आणखी एक आकडा अधोरेखित करा: सव्वा मैलाला १:५९.०. महिन्याभरापूर्वी डर्बी जिंकताना केलेल्या विक्रमापेक्षा ०.४ सेकंदाने कमी, आणि पुढे अजून पाव मैल बाकी. ट्रॅक वेगळा, हे खरं; तरी हा आकडा नजरेआड करण्यासारखा नाही. बेलमाँटचा आधीचा विक्रम १९५७ सालच्या गॅलंट मॅनचा, २:२६.६ चा. तो एकदम २.६ सेकंदांनी मोडला.

घड्याळ कोणाच्या हातात होतं

वेळ म्हणजे वस्तुस्थिती असं समजू नका, तीही कोणीतरी घेतलेली असते. प्रीकनेसला विजेच्या घड्याळाने १:५५ दाखवलं. ट्रॅकच्या माणसाच्या हातातल्या घड्याळात १:५४.४ आले, तेच अधिकृत ठरले. डेली रेसिंग फॉर्म या रेसच्या वृत्तपत्राच्या माणसांनी १:५३.४ घेतले होते. एकाच रेसला तीन वेळा, आणि त्यांत दीड सेकंदाचा फरक. शेवटी २०१२ मध्ये मेरीलँडच्या रेसिंग कमिशनने चित्रफितीवरून तपासून वेळ १:५३ केली. म्हणून प्रीकनेसच्या ओळीत वेळेशेजारी ती कधीची आणि कोणाची ते लिहा. जुन्या छापील पानांत १:५४.४ आणि नव्यांत १:५३ दिसलं तर दोन वेगळ्या रेस वाचतोय असं वाटू नये.

एकाच वेळेवर विश्वास बसत नसेल तर त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर झालेल्या बाकीच्या रेस बघा. सगळ्याच वेळा उतरलेल्या असतील तर ट्रॅक वेगवान होता. आपलीच उतरली असेल तर श्रेय घोड्याचं.

हरलेल्या पाच ओळी

जिंकलेल्या सोळांपेक्षा या पाच ओळींवर जास्त वेळ घालवा. रेसच्या धंद्यात प्रत्येक हरण्याला कारण सांगितलं जातं, बऱ्याचदा दोन सांगितली जातात. कारण खरं की खोटं हे ठरवायचा उपाय एकच: हरण्याच्या आधीची आणि नंतरची ओळ वाचा.

पहिली ओळ ४ जुलै १९७२, ॲक्विडक्ट, साडेपाच फर्लांग. चौथा, सव्वा लेंग्थने. का: गेटमधून सुटताच जोरदार धक्का बसला. पुढची ओळ: अकरा दिवसांनी त्याच कोर्सवर सहा लेंग्थने विजय. कारण पटतं.

१४ ऑक्टोबर १९७२, शॅम्पेन स्टेक्स. कागदावर दुसरा. प्रत्यक्षात दोन लेंग्थने पहिला आला होता. स्टॉप द म्युझिक या घोड्याला आडवा गेला म्हणून स्टुअर्डसनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, खाली उतरवला. ही हार नियमाची, घोड्याच्या पळण्याची नाही. टक्केवारीत दोन्ही सारखीच मोजली जातात, म्हणून अशा ओळीला वेगळी खूण करा.

२१ एप्रिल १९७३, वुड मेमोरियल, नऊ फर्लांग. तिसरा, चार लेंग्थने. जिंकला अँगल लाइट, तोही सेक्रेटेरियटचा ट्रेनर ल्युसियन लॉरिन याच्याच तबेल्यातला. एकाच ट्रेनरचे दोन घोडे म्हणून दोघांवर मिळून एकच भाव होता. सेक्रेटेरियटचं तिकीट घेतलेल्यांना तो हरूनही पैसे मिळाले. भावाचा रकाना ठेवत असाल तर अशी जोडी लक्षात घ्या, नाहीतर हिशोब जुळणार नाही. हरण्याचं कारण वरच्या ओठाच्या आत झालेलं गळू. त्या काळी ओठाच्या आत ओळखीचा नंबर गोंदलेला असे, तो तपासताना ते पशुवैद्याला दिसलं. बाहेरून क्षुल्लक वाटतं, पण जॉकी घोड्याशी बोलतो ते लगामातून, आणि लगामाची कडी असते तोंडात. घोडा जोर लावतो तेव्हा त्या कडीवर रेलतो. तिथेच दुखत असेल तर तो मान वर टाकतो, रेलत नाही, आणि जॉकीच्या हाताला काहीच लागत नाही. आधीची ओळ: दोन आठवड्यांपूर्वी गॉथममध्ये मैल १:३३.४, ट्रॅकच्या विक्रमाशी बरोबरी. नंतरची ओळ: दोन आठवड्यांनी डर्बीचा विक्रम. मधल्या ओळीचा दोष घोड्याच्या दमाला देता येत नाही.

४ ऑगस्ट १९७३, सारटोगा, व्हिटनी. अनियनने एका लेंग्थने हरवलं. अनियन म्हणजे शब्दशः कांदा, आणि या कांद्याने अमेरिकेच्या डोळ्यांत पाणी आणलं. कारण म्हणून विषाणूचा संसर्ग आणि ताप सांगितला गेला. दिवसांचा रकाना बघा: आधीच्या रेसपासून ३५ दिवस. खंड पडल्याने अंग जड झालं असेल, असा तर्क सुचतो. पण पुढची ओळ तब्बल ४२ दिवसांनी आहे आणि तिथे मार्लबरो कपमध्ये नऊ फर्लांगांचा जागतिक विक्रम आहे, १:४५.४. म्हणजे खंडाचा तर्क कोसळतो, आजाराचा टिकतो.

पाचवी ओळ अवघड. २९ सप्टेंबर, वुडवर्ड, दीड मैल, चिखल. प्रूव्ह आउटने साडेचार लेंग्थने हरवलं. सांगितलं जातं ते खरंच आहे: तिथे मुळात त्याचा तबेल्यातला जोडीदार रिव्हा रिज पळायचा होता. पाऊस झाला, रिव्हा रिजला चिखल मानवत नाही, म्हणून ऐनवेळी याला उतरवला, गवतावरच्या रेसची तयारी चालू असताना. पण इथे थांबू नका, हरवणाऱ्याचीही ओळ वाचा. प्रूव्ह आउट त्या दिवशी ओल्या ट्रॅकवर जी वेळ पळाला ती एरवीही दीड मैलाला उत्तमच ठरली असती. दुबळ्या घोड्याने हरवलं असं इथे म्हणता येत नाही. अनियन आणि प्रूव्ह आउट दोघांचा ट्रेनर एकच, ॲलन जर्केन्स. हाही योगायोग म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या घोड्यासमोर कोणता घोडा कधी उतरवायचा, हे त्या माणसाला कळत होतं.

कोणाला हरवलं

विजयाची किंमत मागच्यांवरून ठरते. डर्बीत शॅम अडीच लेंग्थने दुसरा आणि त्याच्या मागे आठ लेंग्थवर अवर नेटिव्ह. दोन आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये तेच तीन घोडे, तोच क्रम, तेच अडीच आणि आठ. असं सहसा घडत नाही, आणि ते वाचकासाठी सोन्यासारखं असतं: तिन्ही घोडे दोन्ही दिवशी आपल्या खऱ्या ताकदीने पळाले, याची ती पावती. शॅम तिसऱ्यापेक्षा आठ लेंग्थ सरस, म्हणजे दुसऱ्या कुठल्या वर्षी तोच डर्बी घेऊन गेला असता. बेलमाँटला तो शेवटचा आला म्हणून त्याला खाली ओढू नका, तिथे त्याला वेगाने मोडलं.

वजन बघायला विसरू नका. क्लासिक रेसमध्ये नरांवर सारखं १२६ पौंड, म्हणजे ५७.१५ किलो, तिथे फरक काढायची गरज नाही. मार्लबरोमध्ये होती. सेक्रेटेरियटवर १२४ पौंड, वर्षाने मोठ्या रिव्हा रिजवर १२७. तीन पौंड म्हणजे सव्वा ते दीड किलो. त्या अंतराला किलोमागे एक-सव्वा लेंग्थ धरा, की सवलत दीड-दोन लेंग्थची येते. जिंकला साडेतीनने. सवलत वजा केली तरी पुढेच. हे ढोबळ आहे. छोट्या अंतरावर वजनाचा परिणाम कमी, लांब अंतरावर जास्त.

कारकीर्द का संपली

शेवटच्या दोन ओळी गवतावरच्या आहेत. ८ ऑक्टोबरला मॅन ओ' वॉर स्टेक्स, पाच लेंग्थने, आणि २८ ऑक्टोबरला कॅनडात वुडबाइनला तेरा फर्लांग, साडेसहा लेंग्थने. वुडबाइनला त्याचा नेहमीचा जॉकी रॉन टरकॉट निलंबित होता, वर एडी मेपल होता. पृष्ठभाग बदलला, जॉकी बदलला, देश बदलला, तरी निकाल तोच. घोडा एकाच ट्रॅकचा राजा नव्हता, याचा पुरावा याच दोन ओळी.

मग चौथं वर्ष का नाही? पायात दोष असेल अशी शंका येते. कारण पैशाचं होतं. मालक पेनी चेनेरी यांचे वडील जानेवारी १९७३ मध्ये वारले आणि वारसा कर भरायचा होता. म्हणून फेब्रुवारीतच, क्लासिक रेसच्या आधी, प्रत्येकी १,९०,००० डॉलर्सचे ३२ हिस्से विकले गेले, एकूण ६०.८ लाख डॉलर्स. अट अशी की तिसरं वर्ष संपताच घोडा केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर वळू, म्हणजे पैदाशीचा घोडा, म्हणून जाईल. कोणत्याही घोड्याची कारकीर्द छोटी दिसली की आधी करार शोधा, मग पाय. एकूण कमाई १३,१६,८०८ डॉलर्स. ही रक्कम आजच्या घोड्यांच्या कमाईशेजारी लावून काहीच कळत नाही.

वळू म्हणून त्याचं मोजमाप करताना मुलगे आणि मुली वेगळे मोजा. मुलांमध्ये रायझन स्टार, १९८८ चा प्रीकनेस आणि बेलमाँट विजेता. लेडीज सीक्रेट ही मुलगी १९८६ ची हॉर्स ऑफ द इयर. पण खरा वारसा मुलींच्या पोटी आहे: टर्लिंग्वाचा स्टॉर्म कॅट आणि वीकेंड सरप्राइजचा ए. पी. इंडी, दोघंही नामांकित वळू. नुसती बापाची यादी बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

४ ऑक्टोबर १९८९ रोजी लॅमिनायटिस या खुरांच्या आतल्या दाहाच्या आजारामुळे त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. त्यानंतर "२२ पौंडांचं हृदय" सगळीकडे छापलं जातं. ते हृदय तराजूत घातलंच नव्हतं. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांनी नजरेने बांधलेला तो अंदाज आहे. वजन केलेलं हृदय शॅमचं होतं, १८ पौंडांचं. कागदावर दोन्ही लिहा, आणि २२ च्या पुढे "अंदाजे".